जूनमधला पहिला नंबर

नारळ पहिल्याच फटक्यात फुटला आणि अण्णा गिरमे करवंटी डोक्यावर धरून ओरडले, “यंदा पहिला नंबर!”

“पहिला नंबर!” बाजार समितीच्या पत्र्याच्या शेडखाली आम्ही साठ जण ओरडलो. आढ्यावरची कबुतरं उडाली आणि पलीकडच्या कांद्याच्या वखारीवर जाऊन बसली. त्यांनाही आता सवय झाली होती. सासवडच्या आमच्या कऱ्हानाद ढोल-ताशा पथकाचा दर जूनच्या दुसऱ्या रविवारी, वाद्यपूजन झालं की लगेच, पहिला नंबर यायचा.

“तुमचं पथक जूनमध्ये हरलेलं मी कधी पाहिलं नाही,” माझी बायको उज्ज्वला पेढ्यांचं ताट फिरवता फिरवता म्हणाली. “पंचाईत होते ती ऑगस्टमध्ये.”

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, जिल्ह्याची स्पर्धा असायची. पण यंदा आमच्या उत्साहाला आधार होता. पहिल्या वर्षी आम्ही नववे आलो होतो, मग सहावे, आणि गेल्या वर्षी तिसरे. अण्णांचं बियाण्यांचं दुकान होतं. ते पथकाचे प्रमुख, आणि पेरलं की उगवतंच यावर त्यांचा धंद्यामुळे विश्वास. त्यांनी मोबाइलवरच्या ग्रुपचं नाव बदलून ‘पहिला नंबर’ करून टाकलं होतं. नवे कुर्ते शिवायला टाकले होते. शेडच्या कोपऱ्यात बक्षिसाच्या ढालीसाठी फळीसुद्धा ठोकली होती.

“नऊ, सहा, तीन,” भाऊसाहेब हिवरकर बोटं मोजत म्हणाले. भाऊसाहेब बाजार समितीत तोलार होते आणि आमच्या ढोलांच्या पहिल्या रांगेत मधोमध उभे राहायचे. आयुष्य काट्यासमोर गेल्यामुळे ते कुठलीही गोष्ट तोलूनच बोलायचे. “दर खेपेला तीननं कमी हुतंय. म्हंजे यंदा शून्यावा.”

“शून्यावा नंबर नसतो, भाऊसाहेब,” मी म्हणालो.

“त्येच म्हणतोय मी.”

सगळे हसले. मीही हसलो, पण मोठ्या मनानं हसलो. कारण पथकाचं काय व्हायचं ते माझ्या हातात आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी, विद्याधर जगताप, वय बेचाळीस, सासवडच्या बाजारपेठेत चष्म्याचं दुकान, आणि नऊ वर्षं पथकाचा मुख्य ताशा. स्पर्धेत उतरायच्या कितीतरी आधीपासून, पथकात अकराच ढोल होते तेव्हापासून.

ज्यांनी कधी ढोल कमरेला बांधला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पथकात ढोल पन्नास असले तरी ते ताशाच्या ताब्यात असतात. ढोलाचे ठरलेले ठेके असतात, त्यांना आम्ही हात म्हणतो. पहिला हात, दुसरा हात, असे आमचे सात. एका हातावरून दुसऱ्यावर कधी जायचं ते मुख्य ताशा सांगतो. आधी दोन्ही काड्यांची सलग तडतड चालू असते, ती तर्री. मग तर्री तोडून तो चार मात्रांचा एक तुकडा वाजवतो, आणि तो तुकडा संपला की पन्नास ढोल एकदम पुढच्या हातावर पडतात. ते जर खरंच एकदम पडले, तर ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन एकदाच हादरते. स्पर्धा तिथेच जिंकतात किंवा हरतात.

आणि तुकडा संपताना मी मानेला एक झटका द्यायचो. डावीकडून उजवीकडे, जरासा वर. तेव्हा मला केस होते आणि ते उडायचे. सासवडातली पोरं माझी नक्कल करायची. ते मला शोभतं, असं माझं मत होतं.

वाद्यपूजनानंतर एक छोटं वादन व्हायचं. त्या वर्षी इथल्या साप्ताहिकाचा फोटोग्राफर आला होता. त्यानं मला ओरडून सांगितलं, “दादा, तो झटका जरा मोठा द्या!”

मी दिला. फोटो उत्तम आला. माझ्या मानेत मात्र अशी उसण भरली की पुढचे दोन हात मी आकाशाकडे बघूनच वाजवले.

डॉक्टरांनी दोन आठवडे मानेला पट्टा बांधायला सांगितला. “ताशा?” मी विचारलं. “हात चांगले आहेत,” ते म्हणाले, “वाजवा. फक्त मान हलवू नका.”

जुलैच्या दुसऱ्या रविवारी निवड फेरी होती. तिच्यातून बाराच पथकं स्पर्धेला जायची. म्हणजे आमच्याकडे चार आठवडे होते, आणि हातांना काही झालेलं नव्हतं. सोमवारी संध्याकाळी सहाला मी पट्टा बांधून शेडमध्ये हजर झालो.

पहिला हात उत्तम झाला. मी तुकडा वाजवला. वीसेक ढोल दुसऱ्या हातावर गेले, वीसेक पहिल्यावरच राहिले, आणि उरलेले मध्येच कुठेतरी चाचपडत थांबले. आवाज असा झाला, जणू जिन्यावरून भांड्यांचा ढीग कोसळतोय.

“पुन्हा,” मी म्हणालो.

पुन्हा तेच. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मग आम्ही ते केलं जे हरायला लागलेलं कुठलंही पथक करतं: कारणं शोधली. अण्णा म्हणाले, यंदा नवी मुलं फार घेतली. नव्या मुलांना वेगळं वाजवायला लावलं, तर ती सगळ्यात कमी चुकली. मग ढोल नीट ताणले नाहीत असं ठरलं. एक अख्खी संध्याकाळ दोऱ्या आवळण्यात गेली. मग शेडच्या पत्र्यानं आवाज घुमतो असं निघालं, म्हणून आम्ही बाहेर पटांगणात गेलो आणि तिथे मोकळ्या हवेत कोसळलो.

शनिवारी मी चिडलो. “भाऊसाहेब, तुम्ही आठ वर्षं पहिल्या रांगेत आहात! तुम्हीसुद्धा?”

भाऊसाहेबांनी ढोल बडवायचं टिपरू काखेत धरलं आणि शांतपणे सांगितलं, “आवो विद्याधरराव, तुमची मान हालत न्हाय. आम्ही बदलायचं कशावर?”

“कशावर म्हणजे? तुकड्यावर! ताशावर!”

“ताशा व्हय,” भाऊसाहेब म्हणाले, जणू ताशा नावाचं काही पथकात आहे हे त्यांना आत्ताच कळत होतं. “आम्ही मान बघतो.”

मी मागच्या रांगांकडे पाहिलं. मान वळवता येत नव्हती, म्हणून अख्खा वळलो. पन्नास जण होकारार्थी मान हलवत होते. त्यांच्या माना उत्तम चालल्या होत्या.

त्या रात्री मी उज्ज्वलाला सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला मात्र, खरं सांगतो, आतून गुदगुल्या होत होत्या. माझ्या एका झटक्यावर पन्नास ढोल चालतात! याला अधिकार म्हणतात. मला त्यात लाज वाटावी असं काहीच दिसलं नाही.

अण्णांनी मात्र जिवाला घोर लावून घेतला. मान बरी झाली नाही तर? म्हणून त्यांनी केतकीला पुढे काढलं.

केतकी बोरावके बावीस वर्षांची, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला, पथकात तीन वर्षं दुसरा ताशा. तिला काड्या धरायला मीच शिकवलं होतं. बारीक चणीची, कमी बोलणारी मुलगी. वाजवताना ती मुळीच हलायची नाही, खांबासारखी. “तुला रंग भरता येत नाही,” असं मी तिला नेहमी सांगायचो आणि ती “हो दादा” म्हणायची.

तिनं मुख्य ताशा धरला आणि पथक माझ्यापेक्षाही जोरात कोसळलं. मी चेहरा गंभीर ठेवला. ते फारसं अवघड गेलं नाही, पट्टा होताच.

“तिला मान शिकव,” अण्णा म्हणाले.

आणि मी शिकवली. आज सांगताना हसू येतं, पण पुढचे तीन दिवस सासवडच्या बाजार समितीत मानेची शिकवणी चालली. मला हलवून दाखवता येत नव्हतं, म्हणून मी हातानं हवेत मान काढून दाखवायचो. “डावीकडून घे. आता उजवीकडे. जरासा वर. नाही, तोऱ्यात!”

केतकीची वेणी घट्ट बांधलेली, ती उडेना. तिचा झटका पाहून भाऊसाहेब म्हणाले, “कोंबडी दाणं टिपती तसं वाटतंय.” पहिली रांग हसायला लागली, मागच्या रांगा त्यांना बघून हसायला लागल्या, आणि हातबित सगळं राहिलं. केतकीही हसली. मग काड्या खाली ठेवून ती अण्णांकडे गेली.

“अण्णा, एक करू या का? सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं.”

“आणि?”

“आणि वाजवायचं.”

शेडला मागच्या बाजूला एकच भिंत होती. पन्नास जण तिच्याकडे तोंड करून उभे राहिले, ताशाकडे पाठ. केतकीनं तर्री सुरू केली, तोडली, आणि चार मात्रा वाजवल्या. तीस ढोल बदलले. दुसऱ्या वेळी चाळीस. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, सगळे. नवे, जुने, भाऊसाहेबांसकट. त्या आवाजानं माझ्या पायाखालची जमीन एकदाच हादरली. नऊ वर्षांत इतका स्वच्छ बदल आमच्या पथकात झाला नव्हता. मी टाळ्या वाजवल्या. पोरगी आपल्या हाताखाली तयार झाली, असं मी शेजारी उभ्या असलेल्या अण्णांना म्हणालोसुद्धा.

पट्टा सुटायला दोनाचे चार आठवडे लागले. डॉक्टरांनी तो काढला तो थेट निवड फेरीच्या आधीच्या शुक्रवारी. मी शेडमध्ये शिरलो तेव्हा अण्णांनी मला मिठी मारली. “आला बाबा आमचा विदू! आता चिंता मिटली.” केतकीनं न सांगताच मुख्य ताशा माझ्या गळ्यात अडकवला आणि आपली जागा घेतली, बाजूची.

“असेच उभे राहा,” अण्णा पथकाला म्हणाले. “एकदा भिंतीकडे बघूनच घेऊ. मग वळू.”

मी तर्री घेतली. मोकळी झालेली मान, मोकळे हात, चार आठवड्यांची भूक. तुकडा वाजवला आणि सवयीनं झटका दिला. समोर पन्नास पाठी होत्या.

भांड्यांचा ढीग जिन्यावरून खाली आला.

“पुन्हा,” मी म्हणालो. पुन्हा कोसळलं. तिसऱ्यांदा मी जोर लावून वाजवलं. बारा-पंधरा ढोल बदलले, तेही आपापल्या सोयीनं.

मग शेडमध्ये शांतता झाली. आमच्या पथकात चुकीनंतर शांतता कधीच नसायची. कुणीतरी खिदळायचं, कुणीतरी शेजाऱ्याला ढोसायचं, भाऊसाहेब काहीतरी बोलायचे. त्या दिवशी पन्नास जण भिंतीकडे बघत उभे राहिले. एकही पाठ वळली नाही. माझ्याकडे बघायची त्यांना लाज वाटत होती, आणि ती लाज त्यांची स्वतःसाठी नव्हती. तेव्हा मला कळलं.

“केतकी,” मी हळू विचारलं, “काय चुकतंय?”

“काही नाही दादा. तो पत्रा घुमतो ना...”

“केतकी.”

ती काड्यांकडे बघत राहिली. “तुकडा ऐकू येत नाही, दादा. तुम्ही तर्री तोडतच नाही. हात तसाच चालू राहतो आणि तुकडा त्यातच बुडतो.”

“कधीपासून?”

“मी आले तेव्हाही असंच होतं.”

“म्हणजे तीन वर्षं. मग बोलली का नाहीस?”

“मान होती ना,” ती म्हणाली. “सगळं चाललं होतं. आणि तुम्ही इतके खूश असायचात वाजवताना.”

मला त्या मुलीचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट मला वाईट वाटेल याचंच तिला वाईट वाटतंय हे दिसलं, आणि तेच जास्त लागलं. नऊ वर्षं मी जिला माझी कला समजत होतो, ती पन्नास माणसांनी माझ्या मानेवरून निभावून नेली होती. मला न सांगता, मला न दुखावता.

अण्णा धावत मध्ये आले. “अरे, त्यात काय! वळू की आपण. विदूची मान आता ठणठणीत आहे. नऊ वर्षं चाललं तसं परवाही चालेल.”

“चालंल की,” भाऊसाहेब भिंतीला म्हणाले.

आणि चाललं असतं. हे मी आज कबूल करतो, कारण तेव्हा त्या एका क्षणात मला ते फार हवं होतं. त्यांनी वळायचं, मी झटका द्यायचा, रविवारी मैदानात पहिल्या ओळीत मी, फोटोत मी. कुणी मला पुन्हा त्याबद्दल बोललं नसतं. ती माणसंच तशी होती. पण भिंतीकडे तोंड करून वाजवलेला त्या गुरुवारचा आवाज मी ऐकला होता. डोळ्यांनी बदलणारा ढोल एका श्वासानं उशिरा येतो. नववे, सहावे, तिसरे. तो एक श्वास कुठे जात होता ते मला आता माहीत होतं, आणि माहीत झालेलं परत विसरता येत नाही.

“वळू नका,” मी म्हणालो.

ताशाचा पट्टा मी गळ्यातून काढला आणि केतकीच्या गळ्यात घातला. तिनं दोन पावलं मागे घेतली.

“दादा, नको. परवा फेरी आहे. मला रंग भरता येत नाही, तुम्हीच म्हणता.”

“मी चुकीचं म्हणत होतो.”

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं होतं. उज्ज्वला आजही म्हणते की ते तिच्यासमोर म्हणायला हवं होतं, कागदावर लिहून घेतलं असतं.

“ढोल शिल्लक आहे का?” मी विचारलं.

“पयली रांग भरलीया,” भाऊसाहेब म्हणाले.

“मागची द्या.”

निवड फेरीत आम्ही निवडले गेलो. स्पर्धेत चौथे आलो, म्हणजे भाऊसाहेबांचं गणित मोडलं आणि अण्णांची फळी रिकामी राहिली. केतकीनं पुढे पाच वर्षं पथक चालवलं आणि एकदा ढालही आणली, ते सगळं गावाला माहीत आहे. पण माझी स्पर्धा त्या शुक्रवारी संध्याकाळीच झाली, सातच्या सुमारास, मागच्या रांगेत.

ढोल कमरेला बांधून मी भिंतीकडे तोंड केलं. नऊ वर्षं ढोलांना हुकूम सोडणाऱ्या माणसानं ढोल कधी वाजवलाच नव्हता. टिपरू जड लागत होतं. माझ्या समोर फक्त चुना लावलेली भिंत होती. मागून केतकीची तर्री सुरू झाली, बारीक आणि सरळ. कधी बदलेल, कधी बदलेल, असं करत मी टिपरू उगारून उभा राहिलो. दिसत काहीच नव्हतं. नऊ वर्षं हे सगळे याच तुकड्याची वाट माझ्या ताशात पाहत होते, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

तर्री तुटली. चार मात्रा आल्या. आणि मी तिसऱ्याच मात्रेवर, जीव खाऊन, एकट्यानं ढोल हाणला.

पन्नासच्या पन्नास तोंडं गर्रकन माझ्याकडे वळली आणि शेड हसण्यानं दणाणली. भाऊसाहेबांनी ढोलावरच डोकं टेकलं. अण्णा डोळे पुसत होते, हसून की कशानं ते मी विचारलं नाही. मीही हसलो, आणि या वेळी मोठ्या मनानं वगैरे नाही, साधाच, त्यांच्यातला एक म्हणून हसलो.

“मागची रांग,” केतकीचा आवाज आला. “घाई कोण करतंय?”

“मी, ताई,” मी म्हणालो.

“ऐका आधी. मग वाजवा.”

“हो,” मी म्हणालो, आणि भिंतीकडे वळलो.